परगावचा न्याय

साळूबाईनं वांगी पारड्यात टाकली, तराजूची दांडी बोटानं स्थिर केली आणि वांग्यांकडंच बघत हलक्या आवाजात ती म्हणाली, "बाई, तुमी म्हणाला व्हतासा ते समद्यास्नी पटलं बगा. आयतवारी गावातनं गाडी धाडत्यात." गोदावरीबाईंनी पिशवी पुढं केली होती, ती तशीच राहिली. "कसली गाडी?" "न्यायाला परगावचं मानूस असावं म्हणालासा न्हवं? मग तुमीच की. बनुबाईचा निवाडा हाय." एवढं बोलून साळूबाईनं मान वर केली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडली, "घ्या, दोन वर टाकली! कृष्णाकाठचं वांगं हाय, लोण्यावानी शिजतंय!" तिचं तोंड रोजच्यासारखंच हसरं होतं. बाजारही रोजच्यासारखाच होता. हळदीच्या पोत्यांची गाडी चिखलात रुतली होती आणि हमाल एकमेकांना शिव्या देत तिला खांदा लावत होते. फक्त गोदावरीबाईंच्या तळपायांत काहीतरी झालं. वहाणेचा खिळा वर आल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी थांबून पाय उचलला, वहाण उलटी करून पाहिली. खिळा नव्हता.

घाटाजवळच्या आपल्या खोलीकडं त्या गेल्या त्या पाय टेकावेत की टेकू नयेत अशा. तळव्यांनाच का, हे त्यांना ठाऊक होतं. सांगलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. संस्थानची हद्द ओलांडली की सातारा जिल्हा, आणि तिथल्या गावांतून इंग्रजाचं राज्य दिवसा आणि कागदावर. बाकी डोंगरातल्या पोरांचं सरकार. त्यांचे न्याय होतात, तंटे मिटतात, टाकलेल्या बायकांना नवरे परत नांदवायला नेतात, आणि पोलिसाला बातमी देणाऱ्याचे तळवे फोडून काढतात. त्या मुलींच्या ज्या शाळेत शिकवत, तिथल्या शिपायानं एकदा असा एक माणूस पाहिल्याचं सांगितलं होतं. तो उभा राहत नव्हता, गुडघ्यांवर चालत होता. गोदावरीबाईंनी त्या दिवशी विष्णुसहस्रनाम म्हणताना मधेच दोन नावं गाळली आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

त्यांचे नेम सगळ्या गल्लीला पाठ होते. पहाटे नदीवर स्नान, गणपतीचं दर्शन, सहस्रनाम, मग शाळा. जेवण एकवेळ, तेही स्वतःच्या हातचं. कुणाच्या घरचं अन्न नाही, कुणाच्या घरचं पाणीसुद्धा नाही. लग्नाकार्याला गेल्या तरी अक्षता टाकून, हळदकुंकवापासून चार हात लांब उभ्या राहून परत. "बाई म्हणजे देवमाणूस," गल्लीतल्या बायका म्हणत. आवाज असा की वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुली पुढं सरकून बसायच्या. अशा बाईच्या तोंडून कधी कुणाला इजा होईल असा शब्द गेला नव्हता, आणि आता गेला होता तर तो कसला? इतिहासाच्या पुस्तकातला. तोही सातासमुद्रांपलीकडचा, सहासातशे वर्षांपूर्वीचा.

वैशाखात शाळेला सुट्टी होती. साळूबाईच्या गावी बायकांना अक्षरं शिकवायला म्हणून त्या गेल्या होत्या. आपला शिधा, आपली चूल, आपला तांब्या घेऊन धर्मशाळेत उतरल्या होत्या. पण बायकांना अक्षरं नको होती. निम्म्या घरांतली पोरं पलटणीत, आणि पलटण इटलीत. "त्ये इटली म्हंजी कसं हाय बाई? आपल्यावानी जोंधळा पिकतोय का तिकडं?" साळूबाईनं विचारलं. तिचा सयाजी तिथंच होता. मग गोदावरीबाईंनी पाटी बाजूला ठेवली आणि वरच्या वर्गाला शिकवायच्या पुस्तकातलं सांगू लागल्या. की तिथं पूर्वी एकच एक राजा नव्हता, एकेक शहर म्हणजे एकेक राज्य होतं. व्हेनिस नावाचं शहर तर पाण्यात उभं. शेत नाही, रान नाही, गोड्या पाण्याचा झरा नाही. पावसाचं पाणी हौदात धरून प्यायचं. "आन खायाचं काय, मासं?" "व्यापार करायचा. आपल्या सांगलीला हळदीची पेठ आहे ना, तसं समजा. आपल्याकडची मिरी, सुंठ, दालचिनी अरबांच्या गलबतांतून, उंटांवरून तिथं जायची, आणि तिथून साऱ्या युरोपात." "म्हंजी आमच्याच मिऱ्या खाऊन आमच्याच पोरास्नी गोळ्या घालत्यात व्हय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. व्हेनिसचे व्यापारी आपल्यातूनच एक प्रमुख निवडत आणि मग त्यालाच असं बांधून ठेवत, की आलेला खलिताही त्यानं एकट्यानं उघडायचा नाही, परवानगीवाचून शहर सोडायचं नाही. मत द्यायला कापडाच्या गोळ्या असत, पेटीत टाकल्या तरी आवाज होऊ नये म्हणून. फ्लॉरेन्स हे दुसरं शहर, लोकरीच्या कापडाचं. तिथं विणकर, रंगारी, सराफ, सगळ्यांच्या पंचायती, आणि त्यांनीच शहर चालवायचं. पण घराण्याघराण्यांत इतकं वैर की प्रत्येकानं दुसऱ्यापेक्षा उंच बुरूज बांधलेला. तेव्हा गावातल्या कुणाचाच न्याय कुणाला पटेना. मग त्यांनी रीत पाडली: न्यायाधीश परक्या गावाहून आणायचा. त्याचं इथं सोयरंधायरं नको, त्यानं कुणाच्या घरी जेवायचं नाही, कुणाचा पाहुणचार घ्यायचा नाही.

हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता, हे त्यांचं त्यांनाच तेव्हा जाणवलं होतं. बायका पुढं सरकून बसल्या होत्या. दारामागं दोनतीन गडीमाणसंही उभी होती. साळूबाई म्हणाली होती, "लय श्यानी मानसं म्हणायची. जेवला की मिंधा झालाच की." एवढंच. मग त्या शहराची आणखी एक रीत सांगून होतेय तोवर कुणाचं तरी पोर रडलं, आणि बायका उठून गेल्या.

रविवारपर्यंतचे दिवस गोदावरीबाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना खडू मोडायचा. आजारी पडावं, असं मनात यायचं. पण खोटा आजार देवाला कळतो, आणि खरा मागावा तर तेवढं धाडस नाही. साताऱ्याला मधुकरकडं निघून जावं. मधुकर त्यांचा धाकटा भाऊ, कोर्टात कारकून. त्याच्या कानावर यातलं अक्षर गेलं तर त्याची नोकरी जाईल. नाही गेली तर तो स्वतःच घाबरून कुणाला तरी सांगेल. आणि गाडी येऊन परत गेली, तर? बाई का आल्या नाहीत? कुणी अडवलं? बाईंनी कुणाला सांगितलं? नाही म्हणणं हासुद्धा एक पुरावाच. गेलं तर खाकी डगलेवाले, न गेलं तर काठ्यावाले. मधल्या अरुंद जागेत, घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर उभं राहावं तशा त्या उभ्या होत्या. गणपतीपुढं बसल्यावर कौल लावावा असं एकदा वाटलं. देवाला दोन फुलं चिकटवायची, उजवं पडतं की डावं ते पाहायचं. हात फुलांकडं गेला आणि परत आला. देवानं 'जा' म्हटलं तर? हरिपूरच्या रस्त्याला जमिनीखाली हळदीची पेवं असतात. पेव उघडलं की आधी दोरीला बांधून दिवा सोडतात; तो विझला तर माणूस उतरवत नाहीत, आत वाईट हवा साठलेली असते. गोदावरीबाईंना वाटत होतं, आपल्याला कुणीतरी दिवा न सोडताच उतरवतंय, आणि उतरवणारी माणसं चांगली आहेत, आपल्यावर विश्वास ठेवणारी आहेत, यानं तर ती हवा आणखीच जड होत होती.

गाडी आली. गाडीवान जोतिबा फक्त बैलांशी बोलत राहिला. बाईंनी तांब्या आणि भाकरीची पुरचुंडी मांडीवर धरली होती. चाकोरीत गाडी हिसके खात होती, आणि प्रत्येक हिसक्याबरोबर कधी नव्हे ती साताऱ्याची सासरची ओटी डोळ्यांपुढं येत होती. नवरा गेल्यावर तेराव्याचं गोडाचं जेवून पाच वडीलधारी तिथं लोडाला टेकून बसली होती. मोठ्या दिरानं पानं दिली होती. सुनेचं काय करायचं, याचा विचार चालला होता. माजघरात दाराच्या फटीशी उभ्या असलेल्या गोदावरीला त्यांच्या ढेकरांचा आवाज येत होता. केस, दागिने, खोली, माहेर, एकेक ठरत गेलं. मधेच एकानं विचारलं, "तिचं काय म्हणणं?" आणि दुसऱ्यानं, अगदी मायेनं, म्हटलं, "पोर आहे ती. तिला काय विचारायचं?" त्यानंतर त्या घरात वाढलेलं पान तिच्या घशाखाली उतरेना. प्रत्येक घासाकडं कुणीतरी बघतंय असं वाटायचं. माहेरी आली, शिकली, मास्तरीण झाली, आणि दुसऱ्याच्या घरचं न खाण्याला लोक नेम म्हणू लागले. त्यात भक्ती किती आणि भीती किती, हे देवालाच ठाऊक होतं, आणि तो कधी काही बोलला नव्हता.

भैरोबाच्या देवळापुढं वडाखाली माणसं जमली होती. ऊन चांगलं वर आलं होतं. लपवाछपवी काहीच नव्हती, बाया धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन थांबल्या होत्या, आणि हे असं उघडंवाघडं असणंच गोदावरीबाईंना सोसेना. अंधार असता तर निदान आपला चेहरा दिसला नसता. आकाराम पुढं आला. डोंगरातल्या सरकारचा या भागातला कर्ता माणूस तो. पण दिसायला एखाद्या भजनी मंडळातला झांजवाला वाटावा असा किरकोळ, नम्र. "या बाई. दमला असशीला. च्या टाकायचा का?" आणि लगेच जीभ चावून, "आवं इसरलोच की! तुमास्नी चालत न्हाई. आन न्यायाधिशानं तर घ्याचाच न्हाई." तो मोकळेपणानं हसला. चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "पानीबी स्वतःचं आनलंया. ह्याला म्हणायचं कडक." गोदावरीबाईंनी तांब्या पदराखाली घेतला. ही सगळी माणसं त्यांच्या भीतीलाच पुण्याई समजून तिच्यापुढं हात जोडत होती.

बनुबाई वडाच्या मुळीवर बसली होती, सगळ्यांकडं पाठ करून. तिशीची असेल. नवरा पलटणीत, पोरबाळ नाही. कडेला दोघी बाया राखणीला. आप्पासो उभा राहिला. त्याचा धाकटा भाऊ नाथाजी डोंगरातल्या पोरांपैकी. वस्तीवर जेवायला आला असताना पोलिसांनी घेरून धरला, साताऱ्याला नेला, त्यानंतर त्याची खबर नव्हती. "आदल्या दिशी ही तालुक्याला गेल्ती," आप्पासो म्हणाला. त्याचा आवाज इतका बसला होता की कुणी तरी 'मोठ्यानं' म्हणालं. "तिथं झाडाखाली एका खाकीवाल्यासंगं बोलत व्हती. म्या ह्या डोळ्यांनी बघितली. दुसऱ्या दिशी माझा भाव गेला. ह्याच्यापरास काय पायजे?" गोदावरीबाईंनी विचारलं, "काय बोलत होती ते ऐकलं?" "न्हाई." "तो पोलीस होता?" "खाकी व्हती." साळूबाई मागून म्हणाली, "खाकीत माझं पोरगंबी हाय, आप्पासो. त्यालाबी धरशीला का?" "तू गप गं, तुजं पोरगं जितं हाय!" आप्पासो ओरडला, आणि ओरडताना त्याचं तोंड असं वेडंवाकडं झालं की गोदावरीबाईंनी नजर काढून घेतली. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांनी आणखी दोघांना विचारलं, तिघांना विचारलं. पलटणीच्या हपिसातले लोकही खाकीतच असतात. नवरा जिता आहे का हे विचारायला बायका तिथं जातात. वस्तीवर नाथाजी येणार हे कुणाकुणाला माहीत होतं? निम्म्या गावाला. विचारत असताना त्यांच्या कानांत स्वतःचा आवाज शाळेतल्यासारखा येत होता, शांत, पाठ केलेला. वडाच्या मुळीवरून बनुबाईचे पाय मागं आले होते. अनवाणी. टाचांच्या भेगांत काळी माती गच्च भरलेली. गोदावरीबाई त्या पायांकडं बघत होत्या. आपण 'हो' म्हटलं तर या तळव्यांवर, आणि 'नाही' म्हटलं तर... 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांना तेच बरं वाटलं.

"पाहणारा आहे, ऐकणारा कुणी नाही," त्या म्हणाल्या. "दोष सिद्ध होत नाही. तिला सोडून द्या."

आप्पासो बाजूला थुंकला आणि तिथंच खाली बसला, डोक्याला हात लावून. आकारामनं घसा साफ केला. "ठीक. पटू दे न्हाईतर ना पटू दे, निवाडा त्यो निवाडा. बनुबाईला कुनी हात लावायचा न्हाई." राखणीच्या बाया उठून गेल्या. गोदावरीबाईंचा जीव एकदम हलका झाला. संपलं, आता गाडीत बसायचं, दिवेलागणीपर्यंत घाट, गणपती, आपली खोली. त्यांनी पुरचुंडी उचलली.

"आवं बाई, निघाला कुठं?" आकारामनं विचारलं. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "न्यायाधिशाचं काम सरलं की त्यानं लगीच गाव सोडायचं न्हाई. गावानं त्याचा न्याय करायचा, त्यानं बराबर केलं का चुकीचं केलं, आन मग त्याला येशीभायेर जाऊ द्याचं. असं हाय न्हवं त्या शेरात? आमच्या घरातनंच सांगितलं मला."

होतं. पुस्तकात होतं. वैशाखात त्यांनीच, शेवटी शेवटी, बायका उठायच्या आधी सांगितलं होतं, आणि पुष्कळजणींनी टाळ्या पिटल्या होत्या. सगळ्या कथेत त्यांना तेवढंच फार आवडलं होतं. "पण किती दिवस?" गोदावरीबाईंनी विचारलं. "बगू की. आमची पोरं हितं जेवायला येत्यात, येत ऱ्हात्याल. पोलीस आलं न्हाईत, तर तुमचा निवाडा खरा." आणि आलं तर, हे त्यानं म्हटलं नाही. तो खाली बघून पायानं एक खडा इकडून तिकडं सरकवत राहिला. मग, अवघडून, "तुमास्नी कोन काय करत न्हाई वो. तुमी देवमानूस. पर लोक इचारत्याल. इचारायला पायजेच, न्हाई का?" आप्पासोनं मान वर करून पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसतं थांबणं होतं.

त्यांना देवळाच्या ओवरीत उतरवलं. साळूबाईनं नवं मडकं, तीन दगड, शेणी आणून दिल्या, "करा तुमच्या हातानं," म्हणाली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा न देता निघून गेली. माणसं पांगली. उन्हं कलली नव्हती, तरी ओवरीत गार होतं. गोदावरीबाई भिंतीला टेकून बसल्या. उद्या शाळा. हजेरीला आपलं नाव नाही. मुख्याध्यापिका खोलीवर माणूस पाठवतील, कुलूप. मग मधुकरला तार. मधुकर घाबरेल, आणि घाबरला की कुणाकडं जाईल? कोर्टातल्या साहेबाकडंच जाईल. बहीण हरवली म्हणून सांगेल, आणि पोलीस निघतील, आपल्या काळजीनं निघतील, आणि या गावात येतील. त्यांना हे इतकं स्पष्ट दिसलं की त्या उठून उभ्या राहिल्या. आकारामला हे सांगावं? सांगितलं तर तो म्हणेल, बाई आत्ताच पोलिसांचं नाव का काढतायत? लांब सडकेवर कसलासा आवाज होत होता. मोटार असेल. घाणा असेल. तळपायांखालची फरशी थरथरते आहे असं वाटलं, आणि त्या पुन्हा खाली बसल्या, पाय पोटाशी घेऊन, लुगड्यात गुंडाळून.

बनुबाई कधी आली ते कळलं नाही. समोरच्या खांबाला टेकून ती बसली होती. पदर मागं पडला होता, आणि आता तिचा चेहरा दिसत होता. साधा, रापलेला, कपाळावर गोंदलेला. हा चेहरा आपण दिवसभरात पाहिलाच नव्हता, हे गोदावरीबाईंच्या ध्यानात आलं. मग दुसरं ध्यानात आलं. आपण आप्पासोला विचारलं, त्या तिघांना विचारलं, साळूबाईचं ऐकलं. हिला एक शब्द विचारला नाही. तिथं, वडाखाली, हातभर अंतरावर ती होती.

"घरी जा ना," त्या म्हणाल्या.

"घरात करमंना," बनुबाई म्हणाली. "शेजारी दारं लावून घेत्यात. हितं तुमी हायसा."

"आवाज कसला येतोय सडकेवर?"

"काय म्हाईत." बनुबाईनं कान दिला. तीही ऐकत होती. तीही बहुतेक सकाळपासून ऐकत होती. "म्हागारी ग्येला वाटतं."

वडावर पारव्यांची फडफड झाली आणि दोघींनी एकदमच मान वळवली. गोदावरीबाईंना वाटलं, विचारावं. आत्ताच विचारावं. तेवढं एक कळलं तर रात्र निघेल. नसेल सांगितलं, तर देव आपल्या पाठीशी आहे आणि कुणीही येवो. सांगितलं असेल तर काय, तिथवर विचार गेला नाही. आणि त्यांनी विचारलं, जसं मागच्या बाकावरच्या मुलीला विचारावं तशा हळू आवाजात, "बनुबाई, खरं सांग. तू बोललीस का गं त्या माणसापाशी? नाथाजीचं?"

बनुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग हसली, वाईट हसली नाही, दमल्यासारखी हसली. "आता इचारताय व्हय बाई? न्याय झाल्यावर?" तिनं पदर सावरला. "मी व्हय म्हणलं तरी आता जाब तुमास्नीच, न्हाई म्हणलं तरी तुमास्नीच. माझं सरलं. पर इचारलं ते बरं केलंसा. आजपत्तुर एकानंबी इचारलं न्हाई, ना आप्पासोनं, ना आकारामनं. समदी मला सोडून दुसऱ्याला इचारत्यात. थांबा, सांगते. पयल्यापासनं सांगते." ती पुढं सरकली. तिच्या चेहऱ्यावर एकदम इतकं काही आलं, पुष्कळ दिवस दाबून ठेवलेलं, ओठांपर्यंत आलेलं, की तिला ऐकून घेणारं माणूस या जगात आज एकच होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"तालुक्याला मी गेल्ते ते..."

"नको," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले होते आणि डोळे मिटले होते. "नको. नको सांगूस."

बनुबाईचे ओठ हलायचे थांबले की नाही, हे त्यांनी पाहिलं नाही.